गाण्याच्या फाइलवर नाव घालून घ्या

गेल्या दिवाळीनंतर एक कीर्तनकार काका पिशवीत हार्ड डिस्क घालून माझ्याकडे आले. "पंधरा-वीस वर्षांचं सगळं आहे यात. जरा नीट लावून दे. नातू म्हणतोय, नेटवर टाकू."

डिस्क जोडली. आत ६३ फाइली. नावं अशी: 'ऑडिओ ००१', 'ऑडिओ ००२', 'न्यू', 'न्यू २', 'फायनल', 'फायनल फायनल', आणि एक चक्क 'काका हाच घ्या'. आम्ही ऐकायला बसलो. गाणारे काकाच, त्यात प्रश्न नव्हता. पण साथीला कोण? "तबल्याला हा... थांब. नाही, तो नव्हे. त्याच्या डग्ग्याला एवढी घुमक नव्हती." एका रेकॉर्डिंगमधला पेटीवाला सापडला, कारण सुरुवातीआधी घसा खाकरायची त्याची सवय तेवढी टेपवर उमटली होती. एक अभंग काकांना स्वतःलाच आठवेना, की चाल त्यांनी बांधलेली की त्यांच्या गुरुजींची. दुपारचे चार वाजले तेव्हा आमच्या ११ फाइली झाल्या होत्या.

आवाज सगळे शाबूत होते. ते कुणाचे, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

काकांचं सोडा, त्यांचा तो धंदा नव्हे. पण आज घरच्या घरी गाणी करणारी, चांगले माइक आणि प्लगइन बाळगणारी तरुण मंडळीसुद्धा हेच करतात. मिक्सवर तीन आठवडे घालवतात आणि फाइलवर नाव घालायला तीन मिनिटं देत नाहीत.

आधी दोन शब्द: मास्टर आणि मेटाडेटा

गाणं रेकॉर्ड झालं, सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवले, शेवटचा हात फिरवला (याला मास्टरिंग म्हणतात) आणि एक पक्की फाइल निघाली, ती मास्टर. पुढच्या सगळ्या प्रती हिच्यावरून निघतात: स्ट्रीमिंगवरची, रेडिओवरची, मालिकेच्या शीर्षकगीतात वापरलेली. बहुतेक वेळा ती वेव्ह प्रकारातली, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी असते.

मेटाडेटा म्हणजे त्या आवाजाविषयीची लेखी माहिती. गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, वादक, तारीख, हक्क कुणाचे. ही माहिती वहीत, ईमेलमध्ये किंवा एक्सेलमध्ये असू शकते. आणि ती थेट फाइलच्या पोटातही लिहिता येते. हा लेख त्या पोटातल्या माहितीबद्दल आहे.

भांड्यावरचं नाव

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. दुकानदार छोटं मशीन घेऊन टरर्र आवाज करत तांब्याच्या काठावर कोरून देतो: अमक्याकडून तमकीला सप्रेम भेट, दिनांक अमुक. बघा, देणारा कोण, घेणारा कोण, प्रसंग कुठला, तारीख काय, सगळं त्या एका ओळीत आलं. लग्नकार्यात चार घरांची पातेली एकत्र होतात, पंगती उठतात, आणि रात्री घासलेल्या ढिगातून ज्याचं पातेलं त्याच्या घरी जातं ते या कोरलेल्या नावामुळे.

फाइलला दिलेलं नाव हे असं कोरलेलं नाव नव्हे. ती वरून चिकटवलेली चिठ्ठी आहे, पहिल्या धुण्यात निघते. तुम्ही 'माझे_माहेर_मास्टर' म्हणून पाठवलेली फाइल समोरचा एडिटर 'म्युझिक १' करून ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला त्याचं टेबल आवरायचं असतं. ईमेल एकीकडे राहतो, एक्सेल दुसरीकडे, फाइल तिसऱ्याच्या पेनड्राइव्हवर जाते. फाइलसोबत शेवटपर्यंत जाण्याची खात्री फक्त पोटातल्या मजकुराची, आणि तीही पूर्ण नाही. ते पुढे येईलच.

"माय नेम इज गौहर जान"

ही गरज संगणकाबरोबर आली असं मुळीच नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाची यंत्रं लावून बसला होता. तिथे गौहर जान गायल्या आणि गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "माय नेम इज गौहर जान." आज तो तुकडा ऐकताना ठसका वाटतो, आणि ठसका होताच. पण त्यामागचं कारण कारखान्यातलं होतं. मेणाच्या मूळ तबकड्या जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे त्यांच्या प्रती निघायच्या. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळायची ना आवाज ओळखू यायचा. लेबल कुठलं लावायचं ते कळावं म्हणून नाव रेकॉर्डिंगमध्येच बोलून ठेवायची सोय केली होती. नाव थेट मास्टरमध्ये, आवाजाच्याच खाचेत!

पुढे तबकडीवर छापील लेबल तेवढं उरलं, कॅसेटला इनले कार्ड आलं, आणि माहिती पुन्हा वेष्टणावर गेली. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गाण्यांची नावं साठवायची सोयच नव्हती. म्हणून तर संगणकात सीडी घातली की 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२' दिसायचं. नंतर नावं दिसायला लागली, ती सीडीतून येत नव्हती. प्रत्येक गाण्याची लांबी मोजून तशा लांब्यांची सीडी इंटरनेटवरच्या यादीत शोधली जायची. ती यादी लोकांनी हातानं भरलेली, त्यामुळे नाट्यगीतांच्या सीडीवर भलत्याच कुणाची नावं येण्याचा चमत्कार अनेकांनी पाहिला असेल.

एमपीथ्रीसाठी १९९६ मध्ये आयडीथ्री नावाची पद्धत निघाली. फाइलच्या शेवटी १२८ बाइटची एक शेपटी, त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं आणि गायकाला ३०. संगीतप्रकारांची ठरावीक यादी होती, तिच्यात पोल्का होता. अभंग, लावणी, नाट्यसंगीत यांपैकी काही नव्हतं. पुढच्या आवृत्त्यांनी ही बंधनं काढली. तिकडे व्यावसायिकांच्या वेव्ह फाइलसाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननं १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हा प्रकार आणला. फाइल तीच, फक्त कुणी, कधी, काय रेकॉर्ड केलं हे लिहायला एक वेगळा कप्पा. रेडिओ केंद्रांना रोज शेकडो टेप सांभाळायच्या असतात, त्यामुळे हे दुखणं त्यांना आपल्याआधी कळलं.

आत लिहायचं काय?

इथेच बहुतेकांची गफलत होते. 'आर्टिस्ट' या एका रकान्यात गायकाचं नाव टाकून लोक मोकळे होतात. कधी संगीतकाराच्या रकान्यातही गायकाचंच नाव असतं, कारण गाणं त्यानं यूट्यूबवर टाकलेलं असतं.

प्रत्येक गाण्यात दोन वस्तू आहेत, हे एकदा पक्कं करून घ्यावं. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरं ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचं त्या दिवशी त्या माणसांनी केलेलं गायन-वादन. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि पैसेही वेगळ्या वाटांनी येतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आणि गायक-वादकांचे हक्क बरेच पक्के झाले. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांचा वाटा आयपीआरएस ही संस्था गोळा करते. गायकांसाठी इस्रा नावानं संस्था सुरू झाली, ती आता इसाम्रा म्हणून वादकांनाही सामावून घेते. पण संस्था वाटप करणार कुणाला? नोंद असेल त्याला.

अभंगाचंच घ्या. शब्द तुकोबांचे, त्यांच्यावर आज कुणाची मालकी नाही. मग अनेक जण गीतकार 'पारंपरिक' आणि संगीतकारही 'पारंपरिक' असं लिहून टाकतात. चाल जर तुम्ही गेल्या वर्षी चैत्रात बसून बांधली असेल, तर ती पारंपरिक कशी? तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खोडलंत. उलटही होतं. वारीत पिढ्यान् पिढ्या म्हटली जाणारी चाल उचलायची आणि खाली संगीतकार म्हणून आपलं नाव ठोकायचं. याला काय म्हणतात ते वारकऱ्यांना विचारा.

माझ्या मते किमान एवढं असावं: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गायक, प्रत्येक वादक आणि त्याचं वाद्य, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा, रेकॉर्डिस्ट, ध्वनिमुद्रणाचा मालक आणि संपर्क. शास्त्रीय असेल तर राग, ताल आणि बंदिशीचा मुखडा. संपर्कासाठी ईमेल वेगळा काढावा, घरचा मोबाइल नंबर नको. वादकांची नावं मुद्दाम लिहा असं सांगतो, कारण पुसली जातात ती तीच.

गाण्याची नंबरप्लेट

नावांबरोबर एक आकडा लागतो, आयएसआरसी. १२ चिन्हांचा हा क्रमांक ध्वनिमुद्रणाला मिळतो. एमएच १० दिसलं की गाडी सांगलीची हे कळतं ना, तसंच इथेही: सुरुवातीला देशाची २ अक्षरं, मग नोंदणीदाराची ३ चिन्हं, मग वर्षाचे २ आकडे आणि शेवटी ५ आकडी अनुक्रमांक. यातलं वर्ष क्रमांक दिल्याचं असतं, गाणं रेकॉर्ड झाल्याचं नव्हे. भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था याचं काम पाहते. ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत तुम्ही गाणं स्ट्रीमिंगवर टाकता तोही क्रमांक देतो. मात्र डिस्ट्रिब्युटर बदलला तर जुनाच क्रमांक पुढे न्या. नवा घेतलात तर त्याच गाण्याच्या दोन नोंदी होतात आणि हिशेब फाटतो.

एकच अभंग दहा जण गायले तर आयएसआरसी दहा. त्यातल्या एकाच चालीचा, म्हणजे रचनेचा, क्रमांक वेगळा आणि एकच. त्याला आयएसडब्ल्यूसी म्हणतात.

नोंद नसली की काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे २०१८ च्या कायद्यानं गीतकार-संगीतकारांचे स्ट्रीमिंगचे पैसे गोळा करून वाटायला मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था उभी राहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्या हवाली सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर केले. हे पैसे कुणी बुडवलेले नव्हते. गाणी वाजली होती, रक्कम बाजूला निघाली होती, फक्त ती कुणाच्या खात्यात टाकायची याचा मेळ लागत नव्हता. यात सगळा दोष फाइलींचा होता असं नाही. पण मेळ बसवणारा माणूस पहिल्यांदा हेच शोधतो: नाव आणि नंबर.

ज्ञानेश्वरांचं स्पेलिंग

मराठी माणसाची खास अडचण इथून सुरू होते. 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत कसं लिहाल? कुणी डी-एन-वायनं सुरुवात करतो, कुणी जी-वायनं, कुणी जे-एननं. आपल्या दृष्टीनं एकच नाव, संगणकाच्या दृष्टीनं तीन माणसं. 'श्री'चं आणि 'क्ष'चंही तसंच. एकदा एक स्पेलिंग ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका, मग अंकशास्त्रवाल्यानं कितीही आग्रह केला तरी.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. माणिक दादरकर लग्नानंतर माणिक वर्मा झाल्या. आपल्याला ते माहीत आहे म्हणून दोन्ही नावं आपण जोडतो, यंत्र जोडत नाही. यावर उपाय म्हणून रचनाकारांना आयपीआय क्रमांक मिळतो, आयपीआरएससारख्या संस्थेचं सभासद झाल्यावर. त्यात माहेरचं, सासरचं आणि टोपणनाव यांची एकाच माणसाशी गाठ घातलेली असते. क्रमांक असेल तर तोही फाइलमध्ये लिहा.

आणि देवनागरी? ब्रॉडकास्ट वेव्हचा तो जुना कप्पा साध्या रोमन अक्षरांसाठीच बनवलेला आहे. त्यात देवनागरी टाकली तर उघडताना प्रश्नचिन्हांची माळ दिसू शकते. वर्णनाची जागाही २५६ अक्षरांचीच. आयडीथ्रीच्या नव्या आवृत्त्यांत आणि फ्लॅक (आवाज न बिघडवता आकार कमी करणाऱ्या) प्रकारच्या फाइलींत मात्र देवनागरी व्यवस्थित बसते. म्हणून मी जुन्या कप्प्यात रोमन लिहितो आणि आयडीथ्रीत (ते वेव्हमध्येही घालता येतं) आधी देवनागरी, पुढे रोमन. दुप्पट काम आहे, मान्य. पण 'कळ' आणि 'कल' यांतला फरक रोमनमध्ये राहत नाही.

"पण डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरलाय की!"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे, आणि त्याचं उत्तर अनेक जण चुकीचं देतात. खरं हे आहे की स्ट्रीमिंगवर गाण्याखाली जे दिसतं ते तुमच्या फाइलच्या पोटातून येत नाही. फॉर्ममध्ये भरलेली माहिती वेगळ्या वाटेनं तिकडे जाते. तेव्हा फाइलमध्ये नाव घातलं म्हणून स्ट्रीमिंगवरची चूक सुधारणार नाही. फॉर्म नीट भरावाच लागेल.

मग फाइलमध्ये कशाला? कारण मास्टर फक्त डिस्ट्रिब्युटरकडे जात नाही. लघुपट करणाऱ्या मुलीकडे जातो, आकाशवाणीवरच्या ओळखीच्या माणसाकडे, नाटकाच्या ध्वनियोजनेसाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, आणि दहा वर्षांनी रीमिक्स करू पाहणाऱ्याकडे. त्यांच्यापैकी कुणाजवळच तुमचा तो फॉर्म नसतो. लघुपट पुरा झाल्यावर श्रेयनामावली करायला बसलेल्या माणसासमोर फक्त 'म्युझिक १' असतं. त्यानं फाइलवर क्लिक केलं आणि नाव दिसलं, तर तो ते लिहितो. नाही दिसलं, तर रात्री दोन वाजता तो कुणाला फोन करणार?

"मोबाइल तर गाणं ऐकूनच ओळखतो"

ओळखतो, खरं आहे. शझामसारखी सेवा आवाजाचा ठसा घेते आणि आपल्या यादीतल्या ठशांशी ताडून पाहते. पण ठसा म्हणजे नाव नव्हे. पोलिसांकडे बोटांचे ठसे जुळले तरी नाव रजिस्टरमध्ये जे असेल तेच निघतं. यादीत गाणं नसेल तर काहीच सापडणार नाही, आणि यादीत चुकीचं नाव असेल तर चुकीचंच, आणि तेही छातीठोकपणे. काकांच्या ६३ फाइली कुठल्याच यादीत नव्हत्या.

"आवाज बिघडणार नाही ना?"

नाही. वेव्ह फाइल मालगाडीसारखी असते, वेगवेगळे डबे जोडलेली. एका डब्यात आवाज, दुसऱ्यात आवाजाचं तांत्रिक वर्णन, तिसऱ्यात नावं. नावांचा डबा जोडला म्हणून आवाजाच्या डब्याला धक्का लागत नाही. चार मिनिटांचं स्टिरिओ गाणं २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये सुमारे ६९ एमबी होतं, त्यात नावांचा मजकूर चार-पाच केबी. पातेल्यावर नाव कोरलं म्हणून आमटीची चव बदलते का?

"कुणीही पुसून टाकेल की"

टाकेल. शिवाय पुष्कळदा कुणी मुद्दाम पुसतही नाही. काही सॉफ्टवेअर अनोळखी डबे सरळ सोडून देतात आणि नव्यानं सेव्ह केलेली फाइल कोरी निघते. म्हणून नाव घालणं हे कुलूप नाही, हे मनात ठेवावं.

मात्र मुद्दाम पुसणाऱ्यासाठी कायदा आहे. २०१२ च्या त्याच दुरुस्तीनं कलम ६५ब आणलं. कृतीचं शीर्षक, कर्त्याचं किंवा कलाकाराचं नाव, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि हे सांगणारे क्रमांक, या सगळ्याला कायदा 'हक्क व्यवस्थापन माहिती' म्हणतो. ती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढली किंवा बदलली तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि कलम ५२अ प्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष असायला हवं. पण पुसलं म्हणायला आधी लिहिलेलं असावं लागतं. कोऱ्या फाइलवरून कुणी काय पुसलं म्हणून तक्रार करणार?

हात घालायचा तर

काही साधनं फुकटही आहेत. एमपीथ्रीटॅग हे नाव जुनं, पण ते वेव्ह आणि फ्लॅकवरही चालतं, आणि आयएसआरसीला त्यात वेगळा रकाना आहे. ब्रॉडकास्ट वेव्हच्या कप्प्यासाठी अमेरिकेतल्या सरकारी संग्रहांच्या गरजेतून निघालेलं बीडब्ल्यूएफ मेटाएडिट आहे. दिसायला रुक्ष, पण शंभर फाइलींची माहिती एका तक्त्यात भरता येते. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर गाणं बाहेर काढतानाच माहिती भरायची सोय त्यात आहे.

नाव सगळ्यात शेवटी घाला, मास्टरिंग झाल्यावर, नाहीतर मधल्याच एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ते गळेल. मग फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून नावं दिसतात का ते बघा. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वेव्हवरून एमपीथ्री काढलीत तर तिची वेगळी तपासणी करा, सगळी माहिती आपोआप उतरेलच असं नाही. आणि वादकांची नावं रेकॉर्डिंगच्या दिवशीच, चहाच्या वेळी, ज्याच्या त्याच्याकडून लिहून घ्या. पूर्ण नाव, त्याला हव्या त्या स्पेलिंगसह. महिन्यानं विचाराल तर 'तो बापूंचा पोरगा' एवढंच हाती लागेल.

काकांच्या डिस्कला आम्हाला सात रविवार लागले. ६३ पैकी ४९ फाइली पूर्ण झाल्या. इचलकरंजीचे एक तबलजी फोनवर दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हा मी. आणि पेटीवर माझा थोरला भाऊ, तो गेला आता. ही फाइल मला मिळेल का?" त्या फाइलमध्ये दोघा भावांची नावं घातली आणि पाठवली. नेटवर टाकायला ते हो म्हणाले. उरलेल्या १४ मध्ये तबल्याच्या रकान्यात काकांनी 'माहीत नाही' असं लिहायला लावलं. "रिकामं नको सोडू," म्हणाले, "रिकामं दिसलं की लोकांना वाटतं कुणी नव्हतंच."